मोटेवाडीचा मळा आणि पाहुण्यांचा रस्ता

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातली कारखानदारी उसावर उभी राहिली. 1930 च्या दशकात सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरचा कारखाना उभारला. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूरला कारखाना काढला. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांनी अकलूजला सहकारी कारखाना आणला. साखरेमागोमाग मळी आली आणि मळीमागोमाग डिस्टिलरी.

या डिस्टिलऱ्यांची आखणी पाहिली की तिचा हेतू लगेच कळतो. मळीच्या टाक्या, फर्मेंटेशनचे हौद, ऊर्ध्वपातनाचे उंच कॉलम, टँकर वळेल एवढा रस्ता. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे सांडपाणी, उरतो. त्याचा काळपट रंग आणि उग्र वास आवरण्यातच बरीच जागा आणि पैसा जातो. त्यात अल्कोहोल पेट घेणारे. अशा आवारात पाहुण्याचा विचार कोणी केला नाही, आणि त्या काळात त्याची गरजही नव्हती.

पाहुणा आला तो वाइनमुळे. 2001 साली राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले आणि वायनरीला शेतमाल प्रक्रिया उद्योगाचा मान मिळाला. नाशिकमध्ये सुला ही वायनरी 2000 पासून वाइन काढत होतीच. 2005 मध्ये तिने चव घेण्याची खोली उघडली आणि मुंबईकर गाड्या काढून नाशिकला जाऊ लागले. सोलापूरला द्राक्ष नवे नव्हते. नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे ‘सोनाका’ वाण देशभर गेले होते. पण ती सगळी खाण्याची द्राक्षे.

वाइनच्या द्राक्षाची मोठी लागवड अकलूजजवळ फ्रातेल्ली या वायनरीने केली. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशी तीन घराणी 2006-07 च्या सुमारास एकत्र आली. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथे मिळून सुमारे 240 एकर मळा उभा राहिला. कलमे परदेशातून आली. टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले आणि सांजोव्हेझेसारखे इटालियन वाण माळशिरसच्या मातीत वाढू लागले. सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून झालेली ‘सेत्ते’ ही इथली नाव मिळवलेली वाइन.

मला या उभारणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिचा क्रम. आधी मळा, मग वायनरी, मग पाहुण्यांसाठी मळ्यातच मोजक्या खोल्या. कच्चा माल कुंपणाच्या आतच असल्यामुळे माणसाला दाखवायला काहीतरी होते: वेल, स्टीलच्या थंड टाक्या, ओकची पिंपे, आणि शेवटी पेला. उत्पादनाचा क्रम हाच पाहण्याचा क्रम झाला.

तरी एक पेच राहतोच. ऑक्टोबरच्या छाटणीचे फळ जानेवारी ते मार्चमध्ये उतरते, आणि उन्हाळा तापण्याआधी पर्यटक येतात तेही याच महिन्यांत. द्राक्ष पहाटेच्या गारव्यात तोडून लगेच क्रशरपर्यंत पोचवावे लागते; ट्रॅक्टर खोळंबला तर माल तापतो. म्हणून मालाचा रस्ता आणि माणसांचा रस्ता सुरुवातीलाच वेगळे हवेत. भिंती उठल्यावर ही दुरुस्ती फार महाग पडते.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. आषाढी वारीत तुकोबारायांच्या पालखीचे एक गोल रिंगण अकलूजला होते. इथल्या कितीतरी घरांत माळ आहे, दारू वर्ज्य आहे. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्यभर उठलेला विरोध सर्वांनी पाहिला. तो मनापासूनचा होता आणि त्याचा मान राखायला हवा. न पिणाऱ्या कुटुंबालाही छाटणी, ठिबक आणि सांडपाण्याची प्रक्रिया पाहून समाधानाने परतता येईल, असे आवार आखणे अवघड नाही. चव घेण्याची खोली वाटेच्या टोकाला, बाजूला ठेवली की पुरे.

आता इथेनॉलमुळे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या वाढल्या आहेत. शेतकरी सभासद आयुष्यभर ऊस घालतो, पण काट्यापलीकडे त्या उसाचे काय होते हे त्याला क्वचितच दिसते. पहिला पाहुणा तोच असायला हवा. संचालक मंडळांना एवढेच सांगणे आहे: पुढच्या विस्ताराचा नकाशा काढाल तेव्हा टँकरच्या रस्त्याबरोबर सभासदाच्या आणि शाळकरी पोरांच्या सुरक्षित वाटेची रेघही पहिल्याच कागदावर ओढा.