घरातील रोपांसाठी घरीच केलेला एलईडी दिवा

बदलीच्या नोकरीत सामानाबरोबर तुळशीची कुंडीही गावोगाव फिरते. उत्तर भारतातील एका शहरात आम्हांस तळमजल्यावरची जागा मिळाली. खिडकीसमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. महिन्याभरात तुळस किडकिडीत होऊन खिडकीकडे झुकली, पाने फिकट पडून गळू लागली. पाणी वाढवून पाहिले, तर मुळे कुजण्याची वेळ आली. उणीव होती ती उजेडाची.

उघड्यावरील भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स भरते. अशा खोलीतील उजेड जेमतेम काही शे लक्स. आपला डोळा मंद प्रकाशाशी जुळवून घेतो, म्हणून ही तफावत जाणवत नाही. रोपाला मात्र तिची पूर्ण किंमत मोजावी लागते.

पानांतील हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. त्यामुळेच बाजारात जांभळट उजेडाचे दिवे ‘रोपांचे दिवे’ म्हणून विकले जातात. परंतु मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून पाने हिरव्या प्रकाशाचाही बराच उपयोग करून घेतात, हे स्पष्ट झाले. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच एलईडी. त्यावरील फॉस्फरच्या लेपामुळे उरलेले रंग मिळतात. (या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक लाभले.) प्रस्तुत लेखकाचे मत पांढऱ्या दिव्याच्या बाजूचे आहे. जांभळ्या उजेडात सारी पाने काळपट दिसतात आणि कीड लागलेली वेळीच कळत नाही.

आम्ही एक वॅटचे सात पांढरे आणि ६६० नॅनोमीटरचे तीन तांबडे एलईडी घेतले. पांढऱ्यास सुमारे ३.२ व्होल्ट, तांबड्यास सुमारे २.२ व्होल्ट लागतात. दहाही एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडणीत जोडले की बेरीज २९ व्होल्टच्या आसपास होते. एकसर जोडणीत प्रत्येक एलईडीतून सारखाच प्रवाह वाहतो, हा तिचा मोठा गुण. विद्युतपुरवठ्यासाठी ३०० मिलिअँपिअर स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर घ्यावा. त्याच्या विद्युतदाबाच्या मर्यादेत २९ व्होल्ट बसतात ना, हे वेष्टनावर पाहावे. केवळ स्थिर दाबाचा पुरवठा येथे घातक ठरतो. एलईडी तापला की त्यास लागणारा दाब कमी होतो, प्रवाह वाढतो, त्याने तो आणखी तापतो आणि अखेर जळतो.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नये. एलईडी जाड ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर उष्णतावाहक पेस्ट लावून बसवावेत. अर्ध्या तासानंतर पट्टीवर बोट सहज ठेवता आले पाहिजे. न आल्यास पट्टी अपुरी आहे. अर्थात बोट लावण्यापूर्वी प्लग काढावा.

कारण खरा धोका विजेचा आहे. काही स्वस्त ड्रायव्हरांत घरातील वीज आणि एलईडीकडील बाजू एकमेकींपासून विलग केलेल्या नसतात. त्यामुळे २९ व्होल्टच्या तारेलाही जीवघेणा झटका बसू शकतो. ड्रायव्हर विलगीकरण असलेलाच घ्यावा, पट्टीला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग द्यावे आणि झारीचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर सारे बसवावे. पहिली जोडणी जाणकार वायरमनला दाखविण्यात कमीपणा नाही. सोल्डरिंगची सवय नसेल त्यांनी ९ वॅटचा साधा पांढरा एलईडी बल्ब शेडसह कुंडीवर टांगावा. एका कुंडीसाठी त्याचे काम फारसे उणे नसते.

दिवा शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर असावा. अंतर वाढताच उजेड झपाट्याने घटतो. छतावरील दिव्याचा रोपास उपयोग होत नाही तो त्यामुळेच. आमचा दिवा ड्रायव्हरसह साधारण १० वॅट घेतो. रोज १२ तास लावल्यास महिन्याला ३.६ युनिट होतात. प्रतियुनिट आठ रुपये धरले तरी खर्च तीस रुपयांच्या आत राहतो. तीन आठवड्यांत तुळशीला आखूड पेरांची, गडद पानांची नवी फूट आली. जुनी लांबलेली काडी मात्र सुधारत नाही. ती छाटावी लागली.

रात्री रोपांना अंधार मिळावा. त्याच कोपऱ्यात शेवंती असल्यास विशेष जपावे. लांब रात्रींची चाहूल लागल्यावरच तिला कळ्या धरतात. रात्री उशिरापर्यंत दिवा राहिला, तर झाड हिरवेगार होते, पण फुलत नाही.