‘द स्नोमॅन’ : अपुऱ्या चित्रीकरणाने बुडवलेला रहस्यपट
नॉर्वेजियन लेखक जो नेस्बो यांच्या २००७ सालच्या कादंबरीवर आधारलेला ‘द स्नोमॅन’ हा चित्रपट २०१७ मध्ये समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने नाकारला, आणि मायकल फासबेंडर, रिबेका फर्ग्युसन, शार्लोट गेन्सबर्ग, जे. के. सिमन्स असे कसलेले कलावंत त्यात असल्याने हे अपयश अधिकच बोचते. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’सारखा संयत हेरपट देणारे दिग्दर्शक टोमस आल्फ्रेडसन यांनीच पुढे सांगितले की, घाईत उरकलेल्या चित्रीकरणात पटकथेचा दहा ते पंधरा टक्के भाग टिपलाच गेला नाही; साहजिकच संकलनात, म्हणजे चित्रित तुकडे जुळवून कथेचा ओघ सिद्ध करण्याच्या टप्प्यावर, थेल्मा स्कूनमेकर यांच्यासारख्या ऑस्करविजेत्या संकलकालाही हे भगदाड बुजवता आले नाही. सर्वांत क्लेशदायक वाटते ते व्हॅल किल्मर यांचे दर्शन, कारण घशाच्या कर्करोगाशी झुंजलेल्या या नटाच्या तोंडी परका आवाज बसवलेला असून तो ओठांच्या हालचालींशी जुळत नाही, आणि त्यांनी साकारलेल्या बर्गनमधील खचलेल्या पोलीस अधिकाऱ्याची वेदना प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याआधीच विरून जाते. मात्र गोठलेल्या सरोवरावर नेलेली मोटार आणि तिच्या भाराने तडकणारा बर्फ हे आरंभीचे दृश्य, तेवढ्यापुरते का होईना, अवश्य पाहावे असे आहे.