लग्नाची डीव्हीडी अडकतेय? मुंबईहून डीव्हीडी रायटर मागवण्याआधी एवढं वाचा

मुंबई उपनगर : अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या चाकरमान्यांच्या कपाटात आणि गावच्या घरातल्या ट्रंकेत एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे सीडी किंवा डीव्हीडी. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या बारशाची, तर कुणाकडे मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात नाहीतर बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात झालेल्या गावच्या मंडळाच्या कार्यक्रमाची. मोबाइलवर शूटिंग सुरू होण्याआधी शूटिंगवाला हीच डिस्क हातात द्यायचा. आज घरात मोबाइल चार असतात, पण डिस्क लावायला काहीच नसतं. नवीन लॅपटॉपला डीव्हीडीचा कप्पाच येत नाही. डिस्क मात्र वर्षागणिक खराब होत चालल्या आहेत.

यावर उपाय म्हणजे यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर. एलजी, एसुस, ट्रान्सेंड अशा कंपन्यांचे रायटर साधारण दोन ते तीन हजारांत मिळतात. पण तो किती भरवशाचा, हे आधी समजून घ्यायला हवं.

डिस्क खराब का होते?

बाजारात मिळणारी पिक्चरची डिस्क कारखान्यात साच्यावर छापलेली असते. ती बरीच टिकते. लग्नाची डिस्क तशी नसते. तिच्यात रंगाचा पातळ थर असतो आणि रायटरचा लेझर त्या थरावर भाजून खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा लागली की तो रंग विटतो. मग चित्र अडकतं, चौकोन दिसतात आणि शेवटी डिस्क उघडतच नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर वरून बुरशीही धरते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सीडीमधली माहिती वरच्या, म्हणजे नाव लिहितो त्या बाजूला अगदी लगत असते. त्यामुळे बॉलपेनने दाबून लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं, तर सीडी कायमची जाते. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

कोऱ्या डिस्कचा धंदाही आता आटला आहे. २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून पिक्चर घरोघर पोचवणारी मोझर बेअर कोऱ्या डिस्कही बनवायची. ही कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. अंधेरीची शेमारू १९६२ साली पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली, नंतर कॅसेट आणि डिस्कमध्ये आली आणि आता यूट्यूबवर आहे. कंपन्यांनी आपला माल डिस्कवरून हलवला. घरच्या डिस्कचं काम मात्र घरच्यांनाच करावं लागणार.

रायटरची ताकद किती?

बाहेरचा पातळ रायटर साधारणपणे डीव्हीडी ८ एक्स आणि सीडी २४ एक्स वेगाने लिहितो. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ एमबी. म्हणजे ८ एक्सला सुमारे ११ एमबी, आणि तोही डिस्कच्या बाहेरच्या कडेला पोचल्यावर. ४.७ जीबीची भरलेली, चांगली डीव्हीडी उतरवायला दहा-पंधरा मिनिटं धरावीत. ओरखडे असतील तर रायटर वेग कमी करून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो, मग तास-दीड तासही लागतो. अशा वेळी वायर ओढून काढू नये.

बिघाडाचं नेहमीचं कारण वीज

या रायटरला वेगळा प्लग नसतो. तो लॅपटॉपच्या यूएसबीतूनच वीज घेतो. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, तर यूएसबी ३ मधून ९००. डिस्क फिरायला लागताना आणि लिहिताना रायटरला जास्त वीज लागते. ती कमी पडली की टकटक आवाज येतो, डिस्क ओळखली जात नाही किंवा लिहिणं मध्येच तुटतं. लोकांना वाटतं मशीन खराब निघालं.

म्हणून रायटर थेट लॅपटॉपलाच जोडावा. लांब वायर किंवा एकाच्या चार पिना करणारा साधा हब वापरू नये. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावावा. काही रायटरला दोन पिनांची वायर येते, तिच्या दोन्ही पिना लावाव्यात. गावात लाइट जाते, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवावी.

मोबाइलला ओटीजीने जोडला तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. बहुतेक मोबाइल हा रायटर ओळखत नाहीत आणि पुरेशी वीजही देत नाहीत. एकदा लॅपटॉपवर उतरवून मग मोबाइलवर घेणं हाच सरळ मार्ग.

डिस्क कशी उतरवायची?

आधी मऊ सुती कापडाने मधून बाहेर असं सरळ पुसावं, गोल फिरवून नाही. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो आणि व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’. आख्खा फोल्डर आधी लॅपटॉपवर कॉपी करावा. तो व्हीएलसी प्लेअरवर चालतो. मोबाइलसाठी हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने एमपी ४ करून घ्यावं. एका रायटरवर डिस्क उघडली नाही तर लगेच फेकू नये, कारण प्रत्येकाचा लेझर वेगळा असतो. दुसऱ्या मशीनवर तीच डिस्क कधी कधी चालते.

नवीन डिस्क लिहायची झाली तर वेग ८ ऐवजी ४ एक्स ठेवावा आणि लिहिल्यावर तपासणीचा पर्याय चालू ठेवावा. शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ केली नाही, तर ती दुसऱ्याच्या प्लेअरवर लागत नाही.

कोर्टाच्या कामाची डिस्क असेल तर

जमिनीच्या किंवा निवडणुकीच्या वादातली सीडी असेल तर नुसती नक्कल पुरत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावर चित्रीकरणाच्या सीडीचा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात कोर्टाने सांगितलं की, अशा नकलेसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात आणून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे. म्हणून अशी डिस्क उतरवली तरी मूळ डिस्क आणि ज्यावर चित्रीकरण झालं ते उपकरण जपून ठेवावं आणि वकिलांना विचारूनच पुढचं करावं.

एका रायटरवर आख्खी वाडी

दर घराने वेगळा रायटर घ्यायची गरज नाही. वाडीत एकाने घेतला तर सगळ्यांच्या डिस्क उतरतात. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला तो आणायला सांगावा. वॉरंटीचं बिल घ्यायला लावावं आणि दुकानातच एक डिस्क लावून बघायला सांगावं. उतरवलेलं सगळं दोन ठिकाणी ठेवावं. एक प्रत गावी हार्ड डिस्कवर आणि दुसरी मुंबईच्या घरी. आधी सगळ्यात जुनी आणि जिची दुसरी प्रत कुठेच नाही, ती डिस्क हातात घ्यावी.