उन्हाचं टोक, सावलीचं टोक

आदिलाबादची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून खरी वाटत नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर तापणारा हा मुलूख पुसाच्या दिवसांत पार ६-७ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. पैनगंगेच्या काठच्या आमच्या बेला-जैनदकडच्या गावांत मग सांज झाली की दारोदारी पऱ्हाट्यांची शेकोटी पेटते आणि तिच्याभोवती म्हातारेकोतारे, पोरंसोरं, एखाददुसरं कुत्रं असा सगळा गोतावळा बसतो. अशाच एका सांजेला पोरांनी पाण्यानं भरलेली बादली शेकोटीशी आणून ठेवली, आणि आत पाहतो तर कासव! काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, मान वर ताणलेली, पाय बादलीला खरवडत चाललेले. कुणीतरी घरात बरकत यावी म्हणून शहरातून विकत आणलेलं, आणि मग फॉरेस्टवाल्यांच्या धाकानं तळ्याकाठी टाकून दिलेलं.

आधी त्याला बाहेर काढा रे, म्हटलं, बुडेल ते. पोरं हसायला लागली. कासव बुडतं का कुठं?

बुडतं, बाबांनो. आपल्या तळ्यात असतं ते वेगळं. ते पाण्यातलं, पायांच्या बोटांत पडदे असलेलं, उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन पडणारं. हे तारा कासव कोरड्या माळाचं. याचे पाय चालायला केलेले, त्यांना पोहणं ठाऊक नाही. पण कासव दिसलं की पाण्यात टाकायचं ही आपली भली सवय, आणि तिच्यापायी कितीतरी माळाची कासवं विहिरींत गेली असतील.

फॉरेस्टच्या बीट ऑफिसरना फोन लावला. ते म्हणाले, आम्ही येऊन रीतसर ताब्यात घेतो, तोवर ऊबेत ठेवा. हे कासव पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे सापडलं की पहिलं काम खात्याला कळवण्याचं. मग उरला तो ऊबेचा प्रश्न, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

एक पोरगी धावत जाऊन आजीची गोधडी घेऊन आली. मायेनंच आणली, पण पाहा, गोधडीत स्वतःची ऊब नसते. आपलं अंग आतून तापलेलं असतं, ती आच गोधडी फक्त धरून ठेवते. कासवाच्या अंगात तशी भट्टीच नाही. गार कासवाला गोधडीत गुंडाळलं तर ते गारच्या गारच राहतं. त्याला ऊब बाहेरून मिळवावी लागते, उन्हात जाऊन बसावं लागतं, आणि फार तापलं की चालत सावलीला यावं लागतं. आपल्या अंगात जे काम आपसूक होतं ते कासव दिवसभर पायांनी करतं. गारठलं की त्याचं पोट चालत नाही, खाल्लेलं पचत नाही, छातीत सर्दी बसते. ती सर्दी खोकून काढायची सोयही त्याला जवळजवळ नाही, कारण आपल्या छातीखाली असतो तसा श्वासाचा पडदा त्याला नसतो आणि फासळ्या तर हलतच नाहीत. खांद्यांच्या नि पोटाच्या स्नायूंनी आतला ऐवज पुढे-मागे सरकवून ते श्वास घेतं.

फासळ्या का हलत नाहीत? कारण ती पाठ म्हणजेच फासळ्या. कासव घर पाठीवर घेऊन हिंडतं असं आपण म्हणतो, पण त्या घरातून त्याला कधी बाहेर येता येत नाही. पाठीचा कणा नि फासळ्या रुंद होऊन एकमेकींत सांधल्या, वरून आपल्या नखांच्या द्रव्याची खापरी चढली आणि कवच झालं. बोट फिरवलं तर त्याला कळतं. आणखी नवल असं की तुमच्या-माझ्या खांद्याचं हाड फासळ्यांच्या बाहेर असतं, कासवाचं फासळ्यांच्या आत. चीनमध्ये २२ कोटी वर्षांपूर्वीचं एक कासव दगडात सापडलं, त्याचं पोटाकडचं कवच पुरतं झालेलं होतं आणि पाठीकडचं अजून व्हायचं होतं. म्हणजे हे बांधकाम खालून वर आलं म्हणायचं!

तर ऊबेसाठी त्याला पेटी करायचं ठरवलं. पडक्या दाराच्या फळ्या होत्या, त्यांचा चार फूट लांब, दोन फूट रुंद असा चौक ठोकला, बाजू दीड फुटाच्या. काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक अजिबात नको, कारण पलीकडचं दिसतंय म्हणजे वाट आहे असं धरून कासव दिवसभर तिथं डोकं घासत राहतं. भिंत आंधळी असली की ते वळून आपल्या कामाला लागतं. खाली दोन-तीन इंच माती, थोडी रेती मिसळून. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, नुसती रेती घासाबरोबर पोटात जाते, आणि कापूस तर मुळीच घालू नये. आमच्याकडे घराघरात कापूस, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तंतू नखांत नि पायांत गुरफटतात, गिळलेही जातात.

एका टोकाला बल्ब. कोंबडीच्या पिल्लांना लावतात तोच, मातीपासून फूट-दीड फूट उंच, आणि तारेनं घट्ट बांधलेला, कारण खाली वाळकं गवत असलं तर पडलेला बल्ब घर जाळील. बल्बाखाली ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास, एवढा फरक पाहिजे. हातानं अदमास घेऊ नका, साधा थर्मामीटर ठेवा. गार टोकाला फुटक्या माठाचं अर्धं खापर उपडं घातलं, ती त्याची खोली. पेटी जमिनीवर न ठेवता माजघरात पाटावर ठेवली, रात्री अर्ध्या भागावर गोणपाट टाकलं. शेकोटीजवळ ठेवायचा मोह झाला होता सगळ्यांना, पण धूर त्या बिचाऱ्या फुप्फुसांना सोसत नाही.

कासव सोडलं. बराच वेळ काही नाही. मग मान आली, मग पाय आले, आणि ते ठाम पावलं टाकत बल्बाखाली जाऊन मान नि पाय पसरून पडलं. तासाभरानं उठून खापराखाली गेलं. पुन्हा आलं. पोरं पेटीभोवती उकिडवी बसून नुसती पाहत राहिली. आपण नुसतं गरम खोकं केलं असतं तर त्याला पळायला जागा राहिली नसती. दोन टोकं दिली म्हणून किती ऊब घ्यायची ते त्याचं त्यानं ठरवलं. पेटी करणाऱ्यानं एवढंच करायचं असतं, उन्हाचं एक टोक नि सावलीचं एक टोक द्यायचं आणि मधे चालायला वाट ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ते खापरावर चढलं नि धाडकन उताणं पडलं. पोरांचा जीव वरखाली, पण मी म्हटलं थांबा. मान नि पाय हलवले, जरा डोललं, आणि गपकन सरळ! तंजावरची बाहुली कशी आडवी पाडली तरी उभी राहते, तसं; फक्त बाहुलीच्या बुडाला वजन भरलेलं असतं, कासवाची सगळी करामत आकारात. यावरून हंगेरीतल्या गणितींची गोष्ट आठवली. १९९५ साली व्लादिमिर आर्नोल्ड या रशियन गणितज्ञानं म्हटलं होतं की आतून एकसारख्या घट्ट वस्तूलाही असा आकार देता येईल की ती कशीही टाका, एकाच बाजूवर येऊन थांबेल. गाबोर दोमोकोश नावाचे गृहस्थ ते मनावर घेऊन बसले. बायकोला घेऊन ऱ्होड्स बेटावर गेले तिथंही समुद्रकाठचे दोनेक हजार गोटे तपासले, पण तसा एक मिळाला नाही. शेवटी २००६ मध्ये पेतर वार्कोनी या जोडीदाराबरोबर त्यांनी तो आकार घडवला, त्याला गोम्बोत्स म्हणतात. मग दोघं कासवं मोजायला लागले, आणि उंच पाठीच्या कासवांमध्ये त्या आकाराच्या अगदी जवळ येणारं कोण निघालं? आपलं हे माळावरचं तारा कासव. गणित्यांना दहा वर्षं लागली ते याच्या पाठीवर कधीचं होतं.

खायला घरोघरी भात, पोळी, दूध पुढे येतं, त्यातलं काही द्यायचं नाही. हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, फड्या निवडुंगाचं काटे काढलेलं पान, हे त्याचं अन्न. दात नाहीत, चोचीनं ओढून तोडतं. कुंडीखालची उथळ परळ भरून ठेवावी, आणि कोमट पाण्यात हनुवटीखाली पाणी राहील असं थोडा वेळ उभं करावं, म्हणजे पोटभर पितं. सारखं उचलू नये, घाबरलं की पोटात साठवलेलं पाणी सोडून देतं. सकाळी अंगणात खरं ऊन दाखवावं, राखण ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन ऊब देतं, पण हाडांना लागणारा किरण काचेत अडतो, नि तो नाही मिळाला तर कवच मऊ पडतं. शिवलं की साबणानं हात धुवावेत, त्याच्या अंगावरचे जंतू आपल्या पोटाला बाधतात.

पोरांनी नखंही मोजली, कारण वीस नखी कासवानं पैशांचा पाऊस पडतो हे त्यांच्या कानावर होतं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अठरा झाली. या पावसाच्या नावानं माणसं लुबाडली जातात आणि कासवं पोत्यांत भरून मरतात, याचा मला फार राग येतो. २०१५ साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासात आपल्या देशातल्या एकाच ठिकाणाहून वर्षभरात किमान ५५ हजार तारा कासवं उचलली गेल्याची नोंद आहे. २०१९ पासून त्यांचा देशोदेशीचा व्यापार पुरता बंद आहे, कागदावर तरी.

बीट ऑफिसर आले, भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ गवत घालून कासव घेऊन गेले. पोरांचा हट्ट होता की इथंच माळावर सोडा. पण वायव्येकडची कासवं वेगळ्या वंशाची, दक्षिणेकडची वेगळ्या, आणि बाजारातून आलेल्याच्या अंगात कुठला रोग असेल ते तपासल्याशिवाय कळत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात सिंगापुरात पकडलेली ५१ तारा कासवं विमानानं कर्नाटकात परत आली, तीही थेट रानात गेली नाहीत. आपल्या पलीकडच्या चंद्रपूरच्या जंगलात पुण्याच्या रेस्क्यू संस्थेनं नि महाराष्ट्राच्या वनखात्यानं सोडवलेली कासवं सोडली, ती आधी रानातच कुंपण घालून ठेवली, तिथलं गवत, तिथला पाऊस, तिथली सावली ओळखीची होईपर्यंत. ती पेटी आपल्या पेटीपेक्षा पुष्कळ मोठी, आणि तिथं बल्ब लावावा लागत नाही.