घरगुती ब्लाँड एल
ब्लाँड एल हा फिकट सोनेरी, सौम्य चवीच्या बिअरचा प्रकार आहे. अमेरिकेत उन्हाळी मेळाव्यांसाठी हौशी लोक ती घरीही बनवतात. तेथे १९७८ च्या संघीय कायद्याने ठरावीक मर्यादेपर्यंतची घरगुती बिअर करमुक्त झाली.

सातूच्या माल्टची भरड सुमारे ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवल्यास स्टार्चची साखर होते. गाळलेला अर्क हॉप्स घालून उकळतात आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळतात. एलचे यीस्ट १८ ते २० अंशांवर जलद किण्वन करते. लागरप्रमाणे दीर्घकाळ थंडीत मुरवावे लागत नसल्याने ही बिअर तीन-चार आठवड्यांत तयार होते.

मात्र किण्वन अपूर्ण असताना बाटल्या भरल्यास आतील वायूच्या दाबाने त्या फुटू शकतात. म्हणून हायड्रोमीटरवरील घनतेची नोंद सलग काही दिवस स्थिर राहिल्यावरच बाटल्या भरल्या जातात.