जुन्या जीपच्या इंजिनातील ठोका : निदान व दुरुस्ती

१९५२ साली २ ऑक्टोबर रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विस्तार कार्यकर्त्यांबरोबर जीप हे वाहन खेडोपाडी परिचित झाले. विलिस बनावटीचे चार सिलिंडरांचे, सुमारे २,२०० घन सेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन असलेल्या जुन्या जीपगाड्या अद्यापही काही शेतकऱ्यांच्या दारी आहेत. अशा गाडीच्या इंजिनातून ठोका ऐकू येऊ लागला म्हणजे मालक एक तर घाबरून संपूर्ण इंजिन उकलावयास देतो, अथवा “जुनी गाडी, आवाज करणारच” असे म्हणून ती तशीच चालवितो. हे दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत. ठोका कोठला, हे प्रथम ओळखले पाहिजे.

वंगणापासून आरंभ

इंजिन बंद करून काही वेळाने तेलाची पट्टी काढावी. तेल कमी असल्यास ते भरल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. मात्र पातळी पुरेशी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. पट्टीचा वास घ्यावा व तेल बोटांवर चोळून पाहावे. या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगावरच बसविलेला असतो. त्यातील पडदा फाटला म्हणजे पेट्रोल खाली तेलात उतरते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्यामुळे जुन्या रबरी पडद्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाची स्वतःचीच चूक सांगण्यासारखी आहे. एका जुन्या जीपचा ठोका ऐकूनही, पट्टीवर तेल भरपूर दिसते म्हणून मी ती तालुक्यापर्यंत नेण्यास सांगितले. तेल वाढले होते ते पेट्रोलमुळे. पातळ झालेल्या तेलाने बेअरिंग जळाले, कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाच्या ब्लॉकला भोक पडले. पडद्याच्या किरकोळ खर्चात निभावले असते, तेथे इंजिनच बदलावे लागले.

आवाजावरून निदान

१. चढावर वा एकदम गती देताना खणखणीत कडकड होणे : हा जळणाचा ठोका होय. या इंजिनाचे दाबप्रमाण ६.५ ते ७ च्या आसपास, म्हणजे कमीच असते. त्यामुळे आजच्या साध्या पेट्रोलवर असा ठोका येऊ नये. तो आल्यास ठिणगी फार आधी पडणे, सिलिंडरात काजळी साचणे, इंजिन तापणे किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडणे, ही कारणे तपासावीत. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांत ०.०२० इंच व प्लगमध्ये ०.०३० इंच फट ठेवावी. ठिणगी पिस्टन वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी ५ अंशांवर पडावी.

२. हलकी, नियमित टकटक : ही बहुधा टॅपेटची असते. फट मापपट्टीने तपासून जुळवावी. एक्झॉस्टचे गॅस्केट फुटल्यासही असाच आवाज येतो.

३. थंड इंजिनात पोकळ ठोका, तापल्यावर कमी : पिस्टन सिलिंडरात सैल झाला आहे. हे काम काही काळ थांबू शकते.

४. गती वाढविताना व सोडताना स्पष्ट होणारा ठोका : कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले आहे. इंजिन त्वरित बंद करावे.

५. ओझ्याखाली खोल, जड धमधम व तेलाचा दाब नेहमीपेक्षा कमी : मेन बेअरिंगची झीज समजावी. येथेही गाडी चालवू नये.

ठोका कोणत्या सिलिंडरात आहे हे पाहण्यासाठी, इंजिन मंद चालू असता एकेका प्लगची ठिणगी बंद करावी. कोरड्या लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचे पाते प्रथम इंजिनाच्या अंगास टेकवावे व नंतर प्लगच्या टोकास लावावे. ज्या सिलिंडराची ठिणगी बंद करताच आवाज मंदावतो, त्याच्या रॉडवर संशय घ्यावा. टॅपेटचा आवाज अशाने बदलत नाही. पेट्रोल गळत असल्यास अथवा तेलास पेट्रोलचा वास येत असल्यास ही परीक्षा मुळीच करू नये. सैल कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत.

रॉड बेअरिंगची दुरुस्ती

बॅटरीची तार सोडून तेल काढावे व खालचे पात्र उतरवावे. पात्रात चकाकणारा धातूचा चुरा आढळल्यास निदानास पुष्टी मिळते. प्रत्येक रॉडची टोपी त्याच रॉडला व त्याच दिशेने बसली पाहिजे, म्हणून काढण्यापूर्वी खुणा पाहाव्यात.

या इंजिनात बदलता येण्याजोगी बेअरिंगे असतात. परंतु नवे बेअरिंग घालण्याआधी क्रँकचा गळा मायक्रोमीटरने मोजून घ्यावा. तो लंबगोल वा ओरखडलेला असल्यास क्रँक घासून घ्यावा व त्या मापाचे, म्हणजे ०.०१०, ०.०२० अथवा ०.०३० इंच कमी व्यासाचे बेअरिंग घालावे. काही कारागीर टोपी कानशीने घासतात किंवा बेअरिंगखाली कागद घालतात. त्याने आवाज थोडे दिवस दबतो, पण भोक गोल राहत नाही व बेअरिंग पुन्हा जळते. क्रँकमधील तेलाचे मार्ग व तेल ओढणारी जाळी स्वच्छ करावी. पेट्रोल उतरले असेल तर पंपाचा पडदा बदलल्यावाचून नवे तेल भरू नये.

दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस हलक्या ओझ्यावर चालवावी. दर आठवड्यास तेलाची पातळी वहीत टिपून ठेवावी. पातळी उतरली तर कारण शोधावेच, आणि तेल न भरता ती चढली तर त्याच दिवशी शोधावे.