तापाची गोळी आणि यकृत

श्रोतेहो, अंगात कणकण आली, डोके धरले, की आपण घरातल्या डब्यातली गोळी शोधतो. कोणी तिला क्रोसिन म्हणतो, कोणी कालपोल, कोणी डोलो. नावे निराळी, औषध एकच, पॅरासिटामॉल. मापात घेतले तर मोठे गुणाचे औषध. माप ओलांडले तर काय होते, तेवढेच आज सांगायचे आहे.

पोटात गेलेल्या या औषधाची विल्हेवाट आपले यकृत लावते. तसे करताना त्यातला थोडा अंश विषारी बनतो. यकृतापाशी ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य असते, ते या विषाला जागच्या जागी निष्प्रभ करते. पण हा साठा कणगीतल्या धान्यासारखा, मोजकाच. गोळ्या फार झाल्या की कणगी रिकामी होते आणि विष यकृताच्या पेशी मारू लागते. ब्रिटनमध्ये हे औषध १९५६ साली विक्रीस आले. त्याच्या अतिमात्रेने यकृत नासल्याची माहिती तेथील डॉक्टरांनी १९६६ साली प्रसिद्ध केली.

माप चुकते कसे? तापाची एक गोळी, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. धडधाकट प्रौढ माणसाने २४ तासांत मिळून ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या, वर जाऊ नये. रोज दारू पिणाऱ्याने, अशक्त माणसाने किंवा यकृताचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. लहान मुलांचे औषध तर वजनावर ठरते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, तर दुसरीत २५०! तेव्हा घरचा चमचा नको, बाटलीबरोबरचे मापच घ्या.

खरा घात होतो तो पहिल्या दिवशी. थोडी मळमळ, एखादी उलटी. कित्येकांना तेवढेही नाही. घरचे म्हणतात, "बरा दिसतोय की, सकाळी बघू." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखते, डोळे पिवळे होतात. मग कोणी कावीळ उतरवणाऱ्याकडे धावतो, आणि मोलाची वेळ निघून जाते.

या विषावर उतारा आहे. त्याचे नाव अ‍ॅसिटिलसिस्टीन. ते ग्लुटाथायोनची कणगी पुन्हा भरते. ८ तासांच्या आत सुरू झाले तर यकृत बहुधा वाचते. उशिरा दिले तरी उपयोग होतो. पण कन्नड, सिल्लोड, वैजापूरहून छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात यायचे, तर त्यातला काही वेळ वाटेतच जातो. म्हणून त्रास होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, जवळचे रुग्णालय गाठा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या. किती घेतल्या आणि किती वाजता, ते सांगा.

आणि कोणी त्रासून, मुद्दाम घेतल्या असतील, तर त्या माणसावर रागावू नका. लपवू तर मुळीच नका. आधी दवाखाना, आणि मग मायेचे दोन शब्द. मन मोकळे करायला १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांकही आहे.

गोळीचे नाव आपण वाचतोच. त्याखालच्या बारीक अक्षरांतले औषधही वाचायची सवय लावून घेऊ या.